पाववाल्याची वाट

जंगलातल्या त्या मोठ्या खडकाला सगळे म्हातारा म्हणत. वर टक्कल, खाली शेवाळाची दाढी आणि मधोमध नाकासारखा पुढे आलेला सुळका. त्याला दुसरं नाव सुचण्यासारखं नव्हतंच. पायथ्यापासून माथ्यापर्यंत जाणारी पायवाट म्हाताऱ्याच्या पायाशी आली की दुभंगायची. एक फाटा ओढ्याच्या अंगाने जायचा, दुसरा झाडीच्या अंगाने, आणि म्हाताऱ्याच्या डोक्यामागे दोन्ही पुन्हा एक व्हायचे. पिवळ्या खुणा बघत चढणारे लोक ओढ्याकडून चढत आणि पिवळ्या खुणा बघत उतरणारे लोक झाडीतून उतरत. नव्याने येणाऱ्यांना वाटे, वा, काय शिस्त आहे! जायची वाट वेगळी, यायची वेगळी.

शिस्त कसली, ते दोन माणसांचं भांडण होतं.

त्यातला एक दातांचा डॉक्टर. इतका उंच की दवाखान्यातली खुर्ची होती तेवढी वर घेतली तरी त्याला पेशंटच्या तोंडात वाकूनच बघावं लागे. दुसरा बेकरीवाला. बुटका, गोल, आणि जन्मभर भट्टीसमोर उभा राहिल्याने गाल कायमचे लाल झालेला. डॉक्टर त्याला पाववाला म्हणे आणि तो डॉक्टरला उंट. हे जंगल सगळ्यांचं, सरकारी. पण त्यातल्या वाटा जिवंत ठेवायचं काम गावातली हौशी मंडळी करत आणि त्यात हे दोघे सगळ्यांच्या पुढे.

वाटेवर खूण करायची तर एक अडचण असते. झाडाच्या ज्या अंगाला पट्टा मारावा, त्याच अंगाने येणाऱ्याला तो दिसतो. चढणाऱ्यासाठी मारलेली खूण उतरणाऱ्याला दिसत नाही. म्हणून एकाने खालून वर जात खुणा करायच्या, दुसऱ्याने वरून खाली येत. पहिल्याच वर्षी डॉक्टर रंगाचा डबा घेऊन खालून निघाला, पाववाला वनखात्याच्या जीपमधून माथ्यावर जाऊन तिथून निघाला. मध्ये म्हाताऱ्यापाशी भेटून चहा प्यायचा, असं ठरलेलं. डॉक्टर ओढ्याकडून वर गेला. त्याच वेळी पाववाला झाडीतून खाली आला. मध्ये हा एवढा धोंडा. कुणी कुणाला दिसलं नाही. डॉक्टर एकटाच माथ्यावर जाऊन पोचला, पाववाला पायथ्याशी, आणि दोघेही अंधार पडेपर्यंत एकमेकांच्या नावाने शंख करत बसले. चहाचा थर्मास डॉक्टरकडे होता आणि बिस्किटं पाववाल्याकडे, म्हणून राग जरा जास्तच होता.

"तू चुकलास," डॉक्टर म्हणाला.

"मी उतरत होतो. पाणी जिकडून उतरतं तिकडून माणसाने उतरू नये, एवढी अक्कल मला आहे. चुकलास तू."

खुणा कुणीच पुसल्या नाहीत. दरवर्षी पानगळ संपली की डॉक्टर आपल्या खुणांवर नवा रंग चढवी, पाववाला आपल्या. अशी तीस-एक वर्षं गेली.

डॉक्टरच्या मुलीला हे सगळं पाठ होतं. तीही उंच, पाववाला तिला लहानपणापासून सांडणी म्हणत आला होता. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची, लोकांच्या नाकावर चौकटी बसवून कानामागे दांड्या वाकवायची. चाळिशी उलटली तरी पाववाल्याच्या वाटेवर तिने कधी पाऊल ठेवलं नव्हतं. त्यांच्या घरात ते म्हणजे शेजारी जेवायला जाऊन आईच्या हाताला नावं ठेवण्यासारखं होतं. उतरतानासुद्धा ती आणि बाबा खुणांकडे पाठ करून ओढ्याकडूनच उतरत.

आता बाबा नव्हते. ते गेले त्याला वर्षही झालं नव्हतं.

रंगकामाच्या दिवशी सकाळी आईने दाराआडची घडीची करवत काढून तिच्या हातात दिली.

"ही घेऊन जा. तिथे उभी असते आणि मला वाटतं, तेच उभे आहेत बूट घालत."

"आज करवतीचं काम नाही गं. आज रंग."

"असू दे. जंगलात जाऊन येऊ दे तिला. बुधवार चुकलेत तिचे बरेच."

बुधवारी दवाखाना बंद असायचा. बुधवारी बाबा ती करवत पिशवीत टाकून एकटेच जंगलात जात. कुठे निघालात विचारलं तर "दाढी करायला" म्हणत. म्हाताऱ्याची, असं घरात सगळ्यांनी धरून चालायचं. तिने करवत पिशवीत टाकली. त्याच पिशवीत खाली, डोक्यात म्हणा हवं तर, एक भाषण होतं. ते तिने चार दिवस घोटून तयार केलं होतं.

कारण रेंजरबाईंनी आधीच कळवलं होतं की यंदा म्हाताऱ्याच्या दोन वाटा राहणार नाहीत.

जंगलाच्या फाटकापाशी मंडळी जमली. सुट्टीचा दिवस, गाड्यांवरून सायकली उतरत होत्या, दोर खांद्यावर घेतलेले गिर्यारोहक बोटांना खडूची पूड चोळत होते, एक कुटुंब आपल्याच कुत्र्याला शोधत होतं आणि कुत्रा त्यांच्याच गाडीखाली झोपला होता. रेंजरबाई एका दगडावर उभ्या राहिल्या. खाकी टोपी, गळ्यात शिट्टी, आवाज शिट्टीहून मोठा.

"हे बघा, दोन वाटा म्हणजे दुप्पट पाय आणि दुप्पट माती वाहून जाणार. म्हाताऱ्याच्या एका बाजूची वाट बंद करायची. ओढ्याची ठेवली तर दरवर्षी काठाला दगड रचावे लागतील, आणि ते तुम्ही रचायचे. झाडीची ठेवली तर तेवढं काम नाही. पण खुणा तुमच्या, भांडण तुमचं. निस्तरा तुम्हीच. संध्याकाळी मला फक्त सांगा कोणती ठेवली."

सगळ्यांनी पाववाल्याकडे पाहिलं. भांडण ऐकायला मिळेल म्हणून काही जण मुद्दाम लवकर आले होते. मुलीने घसा साफ केला. ओढ्याचा गारवा, म्हाताऱ्याच्या नाकाचं त्या बाजूने दिसणारं रूप, दगड रचण्यासाठी ती स्वतः दर रविवारी येईल, असं सगळं तिच्या जिभेवर होतं. बाबांच्या हातची तेवढी एक गोष्ट तिला जमिनीवर राहायला हवी होती. घरातले कपडे वाटून झाले होते, दवाखाना दुसऱ्या डॉक्टरने घेतला होता. त्याने भिंतीसुद्धा रंगवल्या होत्या.

पाववाला तिच्या आधीच बोलला.

"ओढ्याची ठेवा. उंटाची. माझी बंद करा."

एवढं बोलून त्याने जीपमध्ये ब्रशांचा डबा चढवायला घेतला.

ती त्याच्यामागे गेली. "काका, असं कसं?"

"असं कसं म्हणजे? तुला हेच हवं होतं ना? तोंडावर लिहिलंय तुझ्या."

"हो, पण तुम्ही भांडायचं तरी."

"कुणाशी? मेलेल्या माणसाशी काय भांडणार, सांडणे? तो उत्तरच देत नाही. तीच तर त्याची लबाडी आहे." त्याने डब्याचं झाकण ठोकून बसवलं. "तू खालून ये. माझ्या वाटेवरच्या खुणांवर मातकट रंग मारत ये. मी वरून उंटाच्या वाटेवर उतरणाऱ्यांसाठी पिवळ्या मारत येतो. म्हाताऱ्याच्या डोक्यामागे भेटू. बन आणलेत मी."

जीप धूळ उडवत गेली. ती फाटकाशी उभी राहिली. लहानपणी बाबा पत्ते खेळताना मुद्दाम हरायचे. त्या जिंकण्यात जशी चव नसायची, तसंच तिला आता वाटत होतं.

पण जंगलात शिरल्यावर फार वेळ तोंड पाडून चालता येत नाही. वाटच तशी होती. दर दहा पावलांवर मुळं, धोंडे, चढ, आणि लक्ष नसेल तर नाक आपटणार. सायकलवाले "बाजू, बाजू!" ओरडत येत आणि पुढच्या वळणावर स्वतःच पडलेले सापडत. "लागलं का?" विचारलं तर हसत म्हणत, "पँटला लागलं." कड्यावरून एक गिर्यारोहक खालच्याला सांगत होती, "भिऊ नकोस, मी दोर धरलाय," आणि खालचा म्हणत होता, "म्हणूनच भितोय." ती ओळीने बाबांच्या खुणांवर पिवळा रंग चढवत गेली. त्यांच्या खुणा त्यांच्याच नजरेच्या उंचीवर असत. तिचा हात न ताणता तिथे पोचे.

म्हाताऱ्याच्या पायाशी आल्यावर ती आधी ओढ्याच्या वाटेकडे गेली. वाट म्हणजे आता वाट राहिली नव्हती. काठ कुरतडल्यासारखा खचला होता, मुळं उघडी पडून हवेत लोंबत होती आणि बाबांनी रचलेले दगड पाण्यात जाऊन बसले होते. एक बाई आपल्या पोराला बखोटीला धरून पलीकडे नेत होती.

"ताई, हीच वाट ना? खूण तर हीच म्हणते," ती बाई म्हणाली.

"हीच," मुलगी म्हणाली, आणि ते बोलताना तिला थोडी लाज वाटली.

मग मातकट रंगाचा डबा घेऊन ती झाडीच्या वाटेकडे वळली. इथल्या खुणा उतरणाऱ्यांसाठी. चढताना त्या दिसायच्या नाहीत. प्रत्येक झाडापुढे जाऊन मागे वळून बघावं लागे. पहिली खूण सापडली ती तिच्या छातीच्या उंचीवर. पाववाल्याची खूण ती, पाववाल्याच्या नजरेसमोर. तिने ती मातकट केली. दुसरी केली. तिसरीही केली. वाट अरुंद पण घट्ट होती, पायाखाली पाचोळ्याची गादी, पाणी साचल्याची खूणसुद्धा नाही. वाट चांगली होती. तीस वर्षं हे आपल्याला कुणी सांगितलं कसं नाही, असं तिला वाटलं, आणि मग आठवलं की पाववाला दरवर्षी सांगतच होता.

ती मान खाली घालून चालत होती. पाववाल्याची वाट म्हणजे बुटक्यांची वाट, तिथे उंच माणसाचं कपाळ सुरक्षित नाही, हे बाबांचं ठरलेलं वाक्य. पाववाला आपल्या कोयत्याने हात पोचेल तिथवरच्या फांद्या तोडायचा. त्याच्या वरचं जग त्याच्या खिजगणतीत नव्हतं. कुण्या एका बाईच्या कपाळाला तिथे टेंगूळ आलं होतं तेव्हा बाबांनी त्याला वर्षभर छळलं होतं. "उंचांनी वाकायला शिकावं," असं पाववाला म्हणाला होता. आणि पुढे कुणाला लागेनासं झालं, तेव्हा छाती फुगवून म्हणाला होता, "बघ, शिकले की नाही?"

तिसऱ्या खुणेपासून थोडं पुढे गेल्यावर तिच्या लक्षात आलं, मान दुखायला लागली आहे आणि डोक्याला अजून काहीच लागलेलं नाही.

तिने मान वर केली.

खालच्या बाजूला कोयत्याचे घाव होते. तिरके, चिंधड्या उडालेले. पण त्यांच्या वर, तिच्या कपाळाच्या उंचीवर आणि त्याहून वर, फांद्या करवतीने कापलेल्या होत्या. आधी खालून थोडा छेद घ्यायचा, मग वरून कापायचं. म्हणजे पडताना फांदी साल सोलून नेत नाही. खोडाजवळचा फुगीर भाग सोडून द्यायचा. जखम भरून येते ती तिथूनच. हे तिला बाबांनी शिकवलं होतं. "हिरडी दुखवायची नाही," असं ते म्हणायचे. काही काप इतके जुने होते की सालीने त्यांना चहूबाजूंनी मिटून टाकलं होतं, बेंबीसारखं. काही अर्धे मिटलेले. एक गेल्या वर्षीचा असावा. मधलं लाकूड फिकट होतं आणि सालीची पातळ कड नुकतीच आत सरकायला लागली होती.

तिने त्या कडेवर अंगठा ठेवला.

मग झाडामागे बघितलं. कापलेल्या फांद्या तिथे होत्या. एका मापाच्या केलेल्या, शेजारी शेजारी, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. ट्रेमध्ये हत्यारं मांडावीत तशा.

दाढी करायला! तिला एकटीलाच हसू फुटलं.

म्हाताऱ्याच्या डोक्यामागे पाववाला आधीच येऊन बसला होता. गुडघ्यावर बनाची पिशवी, शेजारी पिवळ्या रंगाचा डबा. डब्याचं झाकण अजून उघडलेलं नव्हतं.

"ओढ्याकडे एक तरी खूण मारलीत का?" तिने विचारलं.

"आधी चहा. रंग काय पळून जातोय? तू माझ्या किती पुसल्यास?"

"तीन."

"बघा! हात धुऊन मागे लागली होती." त्याने बन तिच्यापुढे धरला. "पण वाट कशी वाटली ते सांग. खरं सांग, आता बंदच होतेय."

"काका, तुमच्या वाटेवरच्या वरच्या फांद्या कोण कापतं?"

"कुणी नाही. त्या वाढतच नाहीत. माझ्या वाटेची हवाच तशी आहे."

"उठा."

"चहा?"

"चहा नंतर. उठा."

तिने त्याला झाडापाशी नेलं आणि वर बोट दाखवलं. त्याने डोळे बारीक केले.

"काय आहे? पानं आहेत."

"पानं नाहीत, तेच तर. दगडावर चढा."

तो तिच्या खांद्याला धरून दगडावर चढला. कापावर हात फिरवला. मग पलीकडच्या फांदीवर. मग तिसऱ्या.

"वनखात्याचा कुणी असेल," तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"वनखात्याचा माणूस फांद्यांचे एका मापाचे तुकडे करून असे मांडून ठेवतो?" तिने झाडामागे दाखवलं. मग पिशवीतून करवत काढून उघडली आणि तिचं पातं एका जुन्या कापाशेजारी नुसतं धरलं.

पाववाला दगडावरून खाली उतरला, रचलेल्या फांद्यांपाशी जाऊन वाकला, आणि बघता बघता त्याचे लाल गाल आणखी लाल झाले.

"लबाड," तो म्हणाला. "चोर! मला तोंडावर म्हणायचा, तुझी वाट म्हणजे बोळ आहे, उंदीरसुद्धा तिथून जाताना अंग चोरतो. आणि हा माझ्या पाठीमागे येऊन हजामत करून जातो! आणि मी? मी गावभर सांगत फिरतोय, लोक वाकायला शिकले!" त्याला हसू आवरेना. तो हसत हसत पाचोळ्यातच बसला. पिठाचा वास येणारा रुमाल काढून त्याने डोळे पुसले, पुन्हा हसला, पुन्हा पुसले. दुसऱ्यांदा पुसायला जरा जास्त वेळ लागला. ती शेजारी बसून राहिली.

"मला सांगायला काय झालं होतं त्याला?" शेवटी तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत?"

"मेल्याशिवाय सोडलं नसतं." मग त्याने जीभ चावली. ती हसली तेव्हा त्याला बरं वाटलं.

"काका, ही वाट ठेवायची. ओढ्याची बंद करायची."

"नाही, नाही. अगं, त्याची—"

"त्यांची हीच होती. निदान बुधवारी." ती उठून पाचोळा झटकू लागली. "आणि ती बाजू खचलीय. मघाशी एक बाई तिथून पोराला नेत होती आणि मी तिला सांगितलं, हीच वाट. पुन्हा मला ते सांगायचं नाहीये."

पाववाल्याने तिच्याकडे पाहिलं. मग बन अर्धा तोडून तिला दिला, अर्धा स्वतः तोंडात टाकला आणि भरल्या तोंडानेच म्हणाला, "मग माझ्या तीन खुणा भरून दे आधी."

दुपारभर काम चाललं. तिने खालून सुरुवात केली आणि ओढ्याच्या काठाने बाबांच्या खुणा एकेक करून मातकट केल्या. कुणाला हे काम दिलं नाही. पिवळा रंग मारताना बाबा जसे कडा सरळ ठेवायचे, तशाच तिने या मातकट रंगाच्याही ठेवल्या. शेवटची खूण एका वाकड्या खोडावर होती. तिच्यावर वर्षानुवर्षांचे थर बसून ती सालीपासून चांगली बोटभर उचलून आली होती. तिने तिच्यावर हात ठेवला, मग ब्रश. वर आणि खाली दोन्हीकडे वाटेच्या तोंडाशी त्यांनी वाळक्या फांद्या आडव्या ओढून टाकल्या. पाववाला ओढताना इतका कण्हत होता की दोन सायकलवाले सायकली टाकून मदतीला आले.

आता झाडीच्या वाटेवर चढणाऱ्यांसाठी खुणा करायच्या राहिल्या होत्या. तिने पहिल्या झाडाशी उभं राहून ब्रश पिवळ्या रंगात बुडवला आणि हात न ताणता, आपल्या नजरेसमोर पट्टा मारला.

"एवढ्या वर?" पाववाला मागून म्हणाला. "खूण माणसांसाठी आहे की पाखरांसाठी?"

"दुरून दिसते."

"दुरून कुणाला? उंटांना? पोरं येतात, म्हातारे येतात, माझ्यासारखी सज्जन माणसं येतात—"

"बुटक्यांनी मान वर करायला शिकावं."

पाववाल्याचा ब्रश हवेतच राहिला. मग त्याचे गाल फुगले, आणि सकाळपासून पहिल्यांदाच तो खराखुरा चिडला.

"हे बघ, सांडणे. चष्मे विकतेस ना? मग तुला कळायला हवं, माणूस चालताना पायाकडे बघतो, आभाळाकडे नाही. तीस वर्षं तुझ्या बापाला हेच सांगत होतो, पण ते त्याच्या मानेवरून कानापर्यंत पोचायलाच वेळ लागायचा. काढ तो पट्टा."

"नाही काढणार."

"काढ म्हणतो."

"नाही."

"बरं!" म्हणून त्याने तिच्या हातातला डबा हिसकावला आणि त्याच झाडावर, तिच्या पट्ट्याच्या खाली, आपल्या नाकासमोर दुसरा पट्टा मारला. रागात मारल्यामुळे तो वाकडा आला.

पुढच्या झाडावरही तेच झालं. त्याच्या पुढच्यावरही.

संध्याकाळी रेंजरबाई शिट्टी वाजवत वर आल्या. वाटेवरच्या प्रत्येक झाडावर एक सरळ आणि एक वाकडा असे दोन पट्टे बघून थांबल्या.

"हे काय? दोन दोन का?"

मुलगी आणि पाववाला एकदम बोलायला लागले, आणि दोघांचंही काही ऐकू येईना. रेंजरबाईंनी थोडा वेळ ऐकलं, मग टोपी सारखी केली.

"वाट कोणती ठेवलीत तेवढं सांगा."

"माझी," पाववाला म्हणाला.

"आमची," मुलगी म्हणाली.

रेंजरबाई झाडीच्या वाटेने खाली उतरल्या. त्याही उंच होत्या. कपाळाला काही लागलं नाही.